कमी भरलेला लॉट

अल्पाका हा मूर्ख प्राणी आहे असं मी म्हणणार नाही. मूर्ख असतात ते त्याला पाळणारे. पाच वर्षं झाली, मी ह्या लोकांची लोकर धुते, पिंजते, कातून देते, आणि माझं हे मत बदलावं असं त्यांच्यापैकी एकानेही काही केलेलं नाही. एका बाईने केलं, पण ती आमची गिऱ्हाईक नव्हती.

आमची गिरणी टेक्ससमध्ये, अर्विंगच्या माझ्या घरापासून दीड तास उत्तरेला आहे. तिला गिरणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण मी इचलकरंजीची. माझे वडील सूतगिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. एकेका शेडमध्ये हजारो चात्या फिरत, आणि तो आवाज वडिलांच्या कानात इतका बसला होता की घरातही ते सगळ्यांशी ओरडूनच बोलत. मी टेक्स्टाइलचा डिप्लोमा केला, वर्गात एकटी मुलगी. सूत चिमटीत धरलं की मी डोळे मिटून त्याचा काउंट सांगायची, म्हणजे ते किती बारीक आहे ते. वडील पाहुण्यांसमोर माझी परीक्षा घ्यायचे आणि मी चुकायची नाही. मग लग्न झालं, नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमागे इकडे आले, आणि पुढची वीस वर्षं चिमटीत फक्त मीठ धरलं.

इथली गिरणी म्हणजे माळावरची एक पत्र्याची शेड, सहा-सात मशिन्स आणि दोन बायका. दुसरी बाई म्हणजे मालकीण. सत्तरीची आहे, पूर्वी शाळेची बस चालवायची. मशीनशी भरपूर बोलते, माणसांशी जेवढ्यास तेवढं, म्हणून आमचं जमलं. मुलगी कॉलेजला गेल्यावर नवऱ्याच्या मित्रांनी मला सल्ले द्यायला सुरुवात केली होती. "वहिनी, टेस्टिंगचा कोर्स करा, सहा महिन्यांत जॉब." आपण ऑफिसात नक्की काय करतो हे ज्यांना स्वतःच्या बायकोला समजावता येत नाही, ते मला करिअर शिकवत होते. ह्या कटकटीला कंटाळून एका शनिवारी मी एकटीच गाडी काढून निघाले, रस्त्यात गिरणीची पाटी दिसली म्हणून वळले, आणि दारातच आवाजावरून कळलं की पिंजायच्या मशीनचे दोन रूळ एकमेकांना घासतायत. मी तसं सांगितलं. मालकिणीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हातात पाना दिला. सोमवारपासून मी कामाला लागले.

आमच्या लोकांत ही बातमी फार चवीने चघळली गेली. "म्हणजे तुम्ही मेंढ्या भादरता का हो?" असं एका गणपतीत मला पुरणपोळीच्या रांगेत विचारलं गेलं. मेंढ्या नाहीत, अल्पाका. उंटाच्या लांबच्या नात्यातले. आणि भादरायचं काम दुसरे लोक करतात. पण समजावत कोण बसतो? मुलगी तेवढी म्हणाली, "आई, दॅट्स ॲक्चुअली कूल." त्या 'ॲक्चुअली'बद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही.

आता गिऱ्हाइकं. दहा-बारा जनावरं, पाच-दहा एकर जमीन आणि जगाला काहीतरी अस्सल देत असल्याचा चेहरा. त्यातला एक निवृत्त दंतवैद्य आहे, त्याची जनावरं इतकी राठ केसांची आहेत की त्यांच्या लोकरीचा मफलर घालण्यापेक्षा थंडी परवडली, पण तो लोकरीला "माझी इन्व्हेस्टमेंट" म्हणतो. सगळे लोकर आणतात ती कचऱ्याच्या काळ्या पिशवीत, आणि ती पिशवी आतल्या मालाला अगदी शोभते. आत सराटे, गवत, वाळलेल्या लेंड्या, एकदा तर कुणाचा तरी चष्मा निघाला. अल्पाका धुळीत लोळतो, तो त्याचा स्वभाव. पण कातरल्यावर लोकर टेबलावर पसरायची आणि कडेची घाण हाताने वेचून काढायची, हे माणसाचं काम आहे आणि ते कुणी करत नाही. पाच पौंड देतात, तीन पौंड सूत परत मिळालं की माझ्याकडे चोर असल्यासारखं बघतात. "बाकीचं कुठे गेलं?" बाकीची तुमच्या शेतातली माती होती, साहेब. हवी असेल तर मागच्या नाल्यात आहे.

आणि सगळ्यांचा हट्ट एकच. माझ्या जनावराचं सूत मलाच हवं. प्रत्येक जनावराला नाव असतं, बहुतेक एखाद्या गोड पदार्थाचं नाहीतर सिनेनटीचं. पिशवीवर ते नाव लिहून शेजारी बदाम काढलेला असतो. मालकिणीने ह्याच हट्टावर धंदा उभा केला आहे. शेडच्या दारावर तिने स्वतः रंगवलेली पाटी आहे: 'तुमच्या जनावराचं सूत तुम्हालाच.' एकाची लोकर झाली की पुढच्याची लावण्याआधी आम्ही मशीन ब्रशने घासून साफ करतो. सुरुवातीला मला ह्याचं हसू यायचं. इचलकरंजीत कुठल्या शेतातला कापूस कुठल्या गाठीत गेला हे देवालासुद्धा सांगता आलं नसतं, आणि सुताचं काही वाईट झालं नव्हतं.

गिरणीत एक नियम आहे, तो इथेच सांगून टाकते. दोन पौंडांच्या आतला लॉट मशीनला लावायचा नाही. पिंजायच्या मशीनच्या दातांत पहिली मूठ अडकते आणि शेवटची मूठ अडकते. लॉट लहान असला तर मालकाच्या हाती काही उरत नाही. तेव्हा माल कमी भरला तर गिऱ्हाइकाला फोन करायचा आणि विचारायचं, की बाबा, तुझ्याच दुसऱ्या जनावराची लोकर मिसळू, का नुसती धुऊन परत देऊ? फोन उचलायचा, विचारायचं. एवढंच.

गेल्या वर्षी आमच्या महाराष्ट्र मंडळातला एकजण गिऱ्हाईक म्हणून उगवला. चाळिशीचा, कुठल्याशा कंपनीत मॅनेजर, आम्ही पुण्याचे, असं न विचारता सांगणारा. त्याने आमच्या गिरणीच्या अलीकडे दहा एकर घेऊन घर बांधलं होतं. जमिनीवर जनावरं असली की इथे प्रॉपर्टी टॅक्स कमी बसतो, म्हणून ह्याने आठ अल्पाका घेतले, आणि एक म्हातारा फुकट मिळाला. मग मंडळाच्या ग्रुपवर फोटो सुरू झाले: काउबॉय हॅट, कुंपणावर कोपर, खाली 'रँच लाइफ'. जनावरं तो ऑफिसातून फोनवर कॅमेऱ्यात बघायचा. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिले होते. हा खुर्चीवरून उंटाचे चुलतभाऊ हाकत होता.

जुलैत तो लोकर घेऊन आला. कानात ते पांढरं यंत्र, त्यात कुठलीशी मीटिंग चालू. तीन काळ्या पिशव्या त्याने दारात टाकल्या, त्यातल्या एकीतून सराटे बाहेर आले होते. मग गाडीतून एक उशीचा अभ्रा आणला, तोंड सुतळीने बांधलेलं.

"वहिनी, हे वेगळं आहे. आईचं. ती मार्चपासून आमच्याकडे आहे ना. तो म्हातारा ब्राउन होता, तो मागच्या आठवड्यात ऑफ झाला. हीट, यू नो. आईचं म्हणणं आहे, त्याचं सूत सेपरेट करून द्या. तिला गावी नेऊन घोंगडीत घालायचंय..." इथे तो थबकला. "म्हणजे शाल वगैरे. सप्टेंबरमध्ये फ्लाइट आहे तिची. टाइमपास आहे तिचा, पण प्लीज. घरचंच समजा."

तेवढ्यात त्याचा दुसरा फोन वाजला आणि आमचा पुणेकर म्हणाला, "व्हय आये, दिलंय. सांगिटलंय की. व्हय, येगळंच." मग माझ्याकडे वळून पुन्हा "ओके देन, वहिनी," आणि गेला. मला फार मजा वाटली. गावची बोली इतकी गोड आणि हा माणूस ती कानातल्या यंत्रात लपवून ठेवतो. त्याच्यासमोर अभ्र्याचं वजन करायला हवं होतं, तो नियमच आहे, पण ह्या माणसाला आणखी दोन मिनिटं थांबवून घ्यायची माझी इच्छा नव्हती.

तो गेल्यावर मी अभ्रा सोडला. आत लोकर गुंडाळून ठेवली होती, कातरलेली बाजू बाहेर, गोधडीच्या वळकटीसारखी. मी ती टेबलावर पसरली. एक सराटा नाही, एक काडी नाही. पायाची आणि पोटाची राठ लोकर आधीच काढलेली. कातरणाऱ्याने दुसऱ्यांदा कात्री फिरवली की जे आखूड तुकडे पडतात, तेसुद्धा एकेका बटेतून वेचून टाकलेले. पाच वर्षांत अशी लोकर मी पाहिली नव्हती. हे दोन-चार दिवसांचं काम नव्हतं आणि ज्याचं होतं त्याला ते लहानपणापासून येत होतं. मालकीण आली, तिने एक बट उचलून उजेडात धरली आणि म्हणाली, "ही बाई कोण आहे?" मी म्हटलं, गिऱ्हाइकाची आई. ती म्हणाली, "तिला नोकरी हवी का विचार."

वजन पावणेदोन पौंड भरलं. धुतल्यावर दीड.

इथे फोन उचलायचा होता. मी उचलला नाही. त्या माणसाने पुढच्या पंधरा दिवसांत तीन वेळा फोन केला, "झालं का वहिनी? काय आहे, आई रोज विचारते, डोकं खाते यार." प्रत्येक वेळी मी फक्त होईल म्हटलं. ह्याला काय विचारायचं? ह्याला लोकर म्हणजे काय कळतं? ह्याने त्या जनावराला कॅमेऱ्यातच पाहिलेलं. असं मी स्वतःला सांगत होते, आणि खरं सांगायचं तर त्याला फोन करून 'तुमच्या आईचा माल कमी भरला' म्हणण्यात मला कमीपणा वाटत होता. आपण गरजू नाही हे ह्या लोकांना दाखवण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत.

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी मालकीण बहिणीकडे गेली होती. पिंजायच्या मशीनवर दंतवैद्याचा तपकिरी लॉट नुकताच संपला होता आणि टोपलीत अर्धा पौंड उरला होता. रंग जवळपास तोच. मी तो अर्धा पौंड अभ्र्यातल्या दीड पौंडात मिसळला. मिसळताना हाताला लागलं की हे राठ आहे, केस आखूड आहेत, दोन्ही जुळत नाहीत. बोटांनी सांगितलं, मी ऐकलं नाही. कोणाला कळतंय, असं म्हटलं आणि मशीन सुरू केलं. सूत उत्तम निघालं, एकसारखा पीळ, कुठे गाठ नाही. मी चार लड्या बांधल्या, वाफ दिली, आणि लेबलवर त्या म्हाताऱ्या जनावराचं नाव लिहिलं.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी तो घ्यायला आला. ह्या वेळी आई बरोबर होती. बारीक, काटक बाई, हिरवी साडी, तिच्यावर मुलाची ढगळ हुडी, पायात त्याचेच स्पोर्ट शूज. मी "या मावशी" म्हटलं. तिने मान हलवली आणि माझ्याकडे लक्ष न देता थेट मशिन्स बघायला गेली. पिंजायच्या मशीनपाशी थांबली, रुळावरचे दात बोटाने चाचपले. "ह्यो तुमचा पिंजारी व्हय? चांगला हाय." मुलगा दारातच फोन बघत उभा होता. मालकीण पलीकडे तेलाचा डबा घेऊन काहीतरी करत होती.

मी लड्या आणून तिच्या हातात दिल्या. तिने एक लडी गळ्याला लावली. मग काढली. मग दुसरी लावली. मग लडीचं टोक शोधलं, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून उलटा पीळ दिला, सूत उसवलं, आणि त्यातले केस ओढून अंगठ्याच्या नखावर ठेवले. लांब, मऊ, जरा लहरी असलेले एकीकडे. आखूड, सरळ, जाडे दुसरीकडे. आमच्या डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलमध्ये हेच करायला काळं मखमली कापड लागायचं. मग तिने कमरेचा बटवा सोडला आणि त्यातून एक बट काढली, त्याच जनावराची, आणि ती नखाशेजारी धरली.

"ह्यात दुसरं जनावर हाय," ती म्हणाली.

मी काय केलं असेल? मी हसले. "नाही मावशी, पिंजताना तसं होतं. मशीनमध्ये केस तुटतात, मग आखूड दिसतात. आणि गरम पाण्याने जरा राठपणा येतो." मी आणखीही बोलले, टेन्शन, ड्राफ्ट, मॉइश्चर, जेवढे शब्द आठवले तेवढे. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला त्यातला एक शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं.

"तुटल्याला क्यास येगळा असतोय," ती म्हणाली. "ह्यो तुटल्याला न्हाई. ह्यो जाडाच हाय."

आता मुलाने फोनवरून डोकं काढलं. तो मालकिणीकडे बघून ओशाळं हसला, मग आईला म्हणाला, "आई, मशीनचं आहे ते. तुला काय कळतंय त्यातलं? वहिनी इंजिनिअर आहेत. प्लीज, इथे सीन नको करू." शुद्ध, स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाला. मी एक वाक्य बोलले असते तर ती बाई मुलासमोर खरी ठरली असती. मी लड्या कागदात गुंडाळल्या.

म्हातारीने बट परत बटव्यात ठेवली, बंद ओढला. "बरं," म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

मालकिणीला मराठीचा गंध नाही. गाडी गेल्यावर तिने विचारलं, "काय म्हणत होती?"

"आवडलं म्हणाली."

"ज्यांना आवडतं ते पीळ उसवत नाहीत." तिने हात पुसले. "तो लॉट किती भरला होता?"

"दीड."

टेबलावरचा फोन उचलून तिने माझ्या समोर आणून ठेवला आणि पुन्हा तेल घालायला गेली. मला मालकिणीचा भयंकर राग आला. दुपारभर मी तिच्याशी बोलले नाही, आणि दुपारभर फोनही केला नाही. फोनवर काय सांगायचं होतं? त्या जनावराची दुसरी लोकर नव्हती. जनावर मेलं होतं, लोकर मी दंतवैद्याच्या काथ्यात घालून कातली होती, आणि जगातली कुठलीही गिरणी ती आता वेगळी करू शकत नव्हती. प्रत्येक लॉटची एक चिमूट आम्ही पाकिटात नमुना म्हणून ठेवतो. तेवढी उरली होती.

सोमवारी ते पाकीट घेऊन मी त्यांच्या रँचवर गेले. रँच म्हणजे नवं कोरं घर, तीन गाड्यांचं गॅरेज, आणि मागे एक शेड. शेडमध्ये मोठे पंखे लावले होते, आठ अल्पाका त्यांच्यासमोर माना वर करून बसले होते, आणि त्यांच्यामध्ये पालथ्या बादलीवर म्हातारी. मला बघून ती उठली नाही.

मी सांगितलं. लॉट कमी भरला, विचारायचं राहिलं... मग म्हटलं, राहिलं नाही, मी विचारलं नाही. दुसऱ्याची लोकर मिसळली. तुम्ही बरोबर होता, मी खोटं बोलले. पाकीट पुढे केलं.

तिने ते घेतलं नाही. "माझ्यापाशी हाय त्याचं," ती म्हणाली. मग बराच वेळ एका जनावराच्या पाठीतून सराटे काढत राहिली. "आमची शंभर मेंढरं हुती. माणदेशात. सासू पाळण्यातल्या पोराला झोका देत देत चातीवर सूत काढायची. मी बी काढलं. ह्यो," तिने घराकडे हनुवटी उडवली, "मेंढरांतच वाढला. आता लोकास्नी सांगतोय, पुण्याचा म्हून." ह्यात तक्रार नव्हती, मुलाची चेष्टाच होती. "जावा म्हनत हुत्या, अमेरिकेत जाऊन आयतं खाशील आन येशील. म्हटलं, घोंगड्याच्या काठाला ह्याचं सूत घालीन, आन म्हनीन, ह्ये बघा, तिथलं जनावर, माझ्या हातचं. आता काय दावू?"

मी म्हटलं, "मावशी, तेच दाखवा. कोणाला कळणार आहे तिथे?"

असं मी म्हटलं. आजही ते आठवलं की माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तिने माझ्याकडे पाहिलं. दंतवैद्याकडे, मंडळातल्या सगळ्या मॅनेजरांकडे, पुरणपोळीच्या रांगेकडे मी जशी बघते, अगदी तशी ती माझ्याकडे बघत होती. "मला कळंल की," ती म्हणाली. "आन तुला बी कळत हुतं. माझा पोरगा बोलला, त्याला कळत न्हवतं म्हून. तू कळत आसून बोललीस. जा, त्याला सांग."

तो घरात काम करत होता. मी काच वाजवली तेव्हा त्याने बोटाने एक मिनिट दाखवलं, आणि मी दाराबाहेर उन्हात पाच मिनिटं उभी राहिले. तो बाहेर आला, कानात तेच यंत्र. मी सांगितलं: तुझी आई खरं बोलत होती, सुतात दुसऱ्याची लोकर आहे, मी मिसळली आणि तुझ्यासमोर खोटं बोलले. म्हातारी शेडच्या तोंडाशी येऊन उभी होती. त्याने तिच्याकडे पाहावं, काहीतरी बोलावं, निदान मला शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत होते. मला शिव्या हव्या होत्या.

"अरे वहिनी," तो हसून म्हणाला, "त्यासाठी एवढ्या लांब आलात? नो इश्यू. चलता है यार. कोणाला कळतंय?"

माझंच वाक्य, माझ्याच सुरात. वर्षभर मी ह्या माणसाची टर उडवत होते. त्याच्या हॅटची, त्याच्या पुण्याची, त्याच्या यंत्राची. आणि मशीन सुरू करताना मी जे म्हणाले होते ते तो आता शब्दन् शब्द म्हणत होता. आम्हा दोघांत फरक एवढाच होता की त्याला खरोखरच कळत नव्हतं.

म्हातारी घरात गेली आणि कागदात गुंडाळलेल्या चारही लड्या घेऊन आली. कागद मी बांधला होता तसाच होता. तिने तो माझ्या हातात ठेवला.

"आई, अगं, राहू दे ना, छान आहे ते," मुलगा म्हणाला.

"तिचं हाय त्ये," ती म्हणाली. "तिचं तिला." मग मुलाच्या बाहीला चिकटलेला एक सराटा काढून तिने खाली टाकला आणि ती शेडकडे वळली. पुढच्या आठवड्यात ती गेली. सामानात काय नेलं मला माहीत नाही. बटवा नेला असणार.

चारही लड्या मी दारावरच्या पाटीखाली खिळ्याला टांगल्या आहेत. मालकिणीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि दुसरा खिळा ठोकून दिला, कारण एकाला वजन पेलत नव्हतं. आता लॉट कमी भरला की मी फोन करते. गिऱ्हाईक कितीही बावळट असलं तरी करते, आणि आमची बहुतेक सगळी तशीच आहेत.

मागच्या महिन्यात दंतवैद्य आला होता, ह्या वर्षीच्या इन्व्हेस्टमेंटच्या चार काळ्या पिशव्या घेऊन. दारात त्याला त्या लड्या दिसल्या. त्याने एक हातात घेतली, दाबली, जाणकार असल्यासारखी गालाला लावली. त्यात चौथा हिस्सा त्याच्याच जनावराचा होता. त्याला कळलं नाही.

"सुंदर," तो म्हणाला. "कोणाची आहे ही?"

"माझी," मी म्हटलं.